पाटल्या मोडण्यापूर्वी



या आठवड्यात लोणच्याला बुरशी का येते ते सांगायचं कबूल केलं होतं. पण परवाच्या टपालात एक पत्र आलं आणि तो विषय बाजूला ठेवावा लागला. लोणचं पुढच्या खेपेला.

पत्र तालुक्याच्या गावच्या एका भगिनीचं आहे. थोरला मुलगा बारावीला दोनदा नापास झाला, वर्षभर घरीच आहे. आता म्हणतो, दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज टाकतो, दीड लाख द्या. वडील म्हणतात, दमडी मिळणार नाही. बापलेकांचं बोलणं बंद आहे. शेवटी त्या विचारतात, "ताई, माहेरच्या दोन पाटल्या आहेत. ह्यांना न सांगता मोडू का?"

अहो, नका मोडू! निदान आज तरी नका. मुलावर विश्वास ठेवू नका असं मी म्हणत नाही. पण तुमचा क्रम उलटा होतोय. आधी कसब, मग हिशेब आणि भांडवल सगळ्यांत शेवटी.

लिज्जत पापडाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आपण सगळ्या त्या ८० रुपयांचंच कौतुक करतो. पण पापड लाटणं त्यांच्या हातात आधीपासून होतं, हे विसरतो. हात तयार होते, म्हणून पैसा कारणी लागला.

तेव्हा मुलाला पहिला प्रश्न विचारा, "बाळा, इंजिन उघडून परत जोडता येतं का तुला?" येत नसेल तर आधी शिकू द्या. सरकारी आय.टी.आय.मध्ये मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर असे कितीतरी अभ्यासक्रम आहेत. त्यातल्या काहींना दहावी नापासही चालतं. १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात, तिथे शिकता शिकता विद्यावेतन मिळतं. खेड्यातला भाचा-पुतण्या असेल, तर बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची चौकशी करा. तिथलं शिक्षण मोफत असतं. या संस्थांचं मूळ कर्नाटकात उजिरे इथे १९८२ साली सुरू झालेल्या केंद्रात आहे.

नापास मुलगा म्हणजे बिनडोक मुलगा, हे मात्र मनातून काढून टाका. पुणे जिल्ह्यात पाबळ नावाचं गाव आहे. अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलामुलींना ते बोलावत. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, जनावरं, अन्न-आरोग्य असं सगळं वर्षभर हातानं करत शिकायचं. गावाला उपयोगी पडेल अशा खऱ्या कामावर शिकायचं, हे त्यातलं मर्म. कलबाग २००३ साली गेले, पण हात चालले की डोकंही चालतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता हिशेब. मुलाला सांगा, सहा महिने दुसऱ्याच्या गॅरेजात राब. पगार थोडा मिळाला तरी चालेल. रोज रात्री वहीत लिही : किती गाड्या आल्या, काय बिघडलं होतं, सुटे भाग कितीचे लागले, मजुरी किती सुटली. बॅटरीवरच्या स्कूटरी वाढताहेत, तेही काम शिकून घे म्हणावं.

मग तुम्ही दोघं वही घेऊन बसा. मी उदाहरणादाखल आकडे मांडते, तुमच्या गावचे तुम्ही घाला. जागेचं भाडं ५ हजार, वीज १ हजार, मदतनीस पोरगा ८ हजार आणि स्वतःच्या पोटाला १२ हजार. झाले महिन्याचे २६ हजार. एका गाडीमागे २०० रुपये मजुरी सुटली, तर महिन्याला १३० गाड्या हव्यात. सव्वीस दिवस काम धरलं, तर रोजच्या पाच. तुमच्या रस्त्यावर रोज पाच गाड्या येतील का? दुधाचा खाडा मांडणाऱ्या बाईला हे गणित जड नाही, बरं का!

उत्तर 'हो' आलं, तर बँकेत जा. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत लहान धंद्याला तारणावाचून कर्ज मिळतं. पहिल्या, म्हणजे शिशु गटात ५० हजारांपर्यंत. हत्यारं आणि एक पाना-पेटी यांनी सुरुवात करायला दीड लाख कशाला? मात्र कर्ज ते कर्जच, हप्ता चुकवायचा नाही. आणि 'मंजूर करून देतो, आधी एवढे द्या' म्हणणारा भेटला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

मुलगी असे काही करू म्हणाली, तर तिलाही हाच क्रम. 'तुला काय करायचंय, लग्न होऊन जाशील,' एवढं मात्र म्हणू नका.

आता त्या 'ह्यांना न सांगता'विषयी. भगिनी, माझा जीव खरा तिथेच अडकला. धंदा बुडाला तर पाटल्या जातीलच. पण त्याहून वाईट म्हणजे आईनं आपल्यासाठी चोरून सोनं मोडलं, हे ओझं पोरगा जन्मभर वाहील आणि नवऱ्याचा तुमच्यावरचा विश्वास जाईल तो वेगळाच. बाप 'दमडी नाही' म्हणतो, कारण त्याला पोरानं नुसतं बोलून दाखवलंय. सहा महिन्यांनी ती वही त्याच्यासमोर ठेवा. आकड्यांवर माणूस वाद घालतो आणि वाद घालायला का होईना, बोलायला लागतो. तेव्हाही सोनं मोडावं लागलंच, तर तिघांच्या विचारानं, उजळ माथ्यानं मोडा.

तोवर पाटल्या हातातच असू द्या. आणि मला कळवा हं, पोरगा कामाला लागला का ते.

लोणच्याचं सविस्तर पुढच्या वेळी. पण बरणीत ओला चमचा घालू नका, एवढं आत्ताच सांगून ठेवते.