घरच्या इतिहासातून कुंकळ्ळी वगळू नका

लखनऊच्या मानक नगरात रेल्वेच्या 'आरडीएसओ'चे मुख्यालय आहे. 1957 साली स्थापन झालेली ही संस्था इंजिने, डबे, रूळ आणि पूल यांची मानके ठरवते. वसाहतीचे नावही त्यावरूनच. अशा वसाहतीत बदलीवर आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबापुढे एक अडचण उभी राहते. मुलांची शाळा हिंदी-इंग्रजी, रविवारची उपासना हिंदी. अहमदनगर, वसई, केडगाव ही मराठी ख्रिस्ती परंपरेतली नावे मुलांच्या कानांवर पडतात ती आजीचा फोन आला तरच. मग काही आईबाप ठरवतात की इतिहास घरीच शिकवायचा, आणि तोही ख्रिस्ती दृष्टीने.

त्यांचे ठरवणे योग्य आहे. पण त्यावर बाहेरून एक आक्षेप येतो आणि घरातून एक भीती बोलते. दोन्हींचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बाहेरचा आक्षेप असा, की इतिहास हा शाळेचा विषय आहे. घरात तो धर्माच्या नजरेने शिकवला की प्रचार होतो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. नजरेवाचून इतिहास कोणीच शिकवत नाही. याच शहरातले 1857 घ्या. रेसिडेन्सीच्या वेढ्यात ला मार्टिनिअर शाळेची मुले इंग्रजांच्या बाजूने होती, आणि वेढा घालणाऱ्यांचे नेतृत्व बेगम हजरत महलकडे होते. आधी कोणाची गोष्ट सांगायची, इथेच शिकवणाऱ्याची नजर दिसते. ख्रिस्ती घरातले मूल तर केवळ धर्माच्या नात्याने स्वतःला वेढ्याच्या आत मोजण्याची शक्यता असते. तसे मोजायचे कारण नाही, हे त्याला सांगायला शाळेला वेळ नसतो. ते काम घराचे आहे.

आणि सांगण्यासारखे घराजवळ भरपूर आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1616 साली त्याचे 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले. सुमारे 11 हजार मराठी ओव्या. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 साली अहमदनगरला निघाले. लखनऊ पेटले त्याच 1857 साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले आणि विधवांचे हाल मराठी गद्यात मांडले गेले. अहमदनगरला मिशनरी सिंथिया फरार मुलींना शिकवत होत्या. त्यांची शाळा पाहूनच जोतिराव फुल्यांनी मुलींच्या शिक्षणाचे मनावर घेतले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. ख्रिस्ती माणूस या मातीत उपरा आहे असे म्हणणाऱ्याला याहून वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

मात्र लगेच पुढचे वाक्यही मुलाला सांगितले पाहिजे. जोतिराव मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचे ऋण त्यांनी मानले, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. 1873 साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्याच धर्मगुरूंशी सिद्धांतावरून नेटाने वाद घातला. ही अर्धी बाजू गाळली की उरते ती नुसती जाहिरात.

गाळण्याची सवय लागते ती घरातल्या भीतीमुळे: सगळे सांगितले तर मुलाची श्रद्धा डळमळेल. ही भीती मग तयार पुस्तकाचा आधार शोधते. अमेरिकेत 1970 नंतरच्या दशकांत ख्रिस्ती गृहशिक्षणाचे तयार अभ्यासक्रम निघाले आणि ते जगभर पोचले. तयार पुस्तक हाताशी असले की सोय होते, हे खरे. पण ती पुस्तके अमेरिकी कुटुंबांसाठी लिहिलेली आहेत. देवाचा हात इतिहासात दाखवता दाखवता आपल्या लोकांचाच हात देवाचा ठरवून टाकण्याचा मोह त्या परंपरेत मोठा आहे. मराठी घराने तो मोह आयात करू नये.

यासाठी कुंकळ्ळीची गोष्ट शिकवावी. रोदोल्फो आक्वाविवा हा जेझुइट 1580 साली फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात पोचला. तीनेक वर्षे तो तिथे होता. बादशहासमोर मौलवींशी वाद झाले, तरी त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. 1583 साली तो गोव्यात परतला आणि त्याच जुलैत साष्टीतल्या कुंकळ्ळीला चार सोबत्यांसह मारला गेला. चर्चने 1893 साली त्या पाचांना धन्यवादित घोषित केले. शब्बाथ शाळेत गोष्ट बहुधा इथे संपेल. पण कुंकळ्ळीच्या लोकांची देवळे त्याआधी पाडली गेली होती, म्हणून गाव पेटले होते. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. एकाच माणसाला मुसलमान बादशहाच्या दरबारात अभय मिळाले आणि ख्रिस्ती राजाच्या मुलखात मरण आले. असे का झाले, या प्रश्नात दहा वर्षांच्या मुलाला पुरेल एवढा इतिहास आहे.

गोव्यातले इन्क्विझिशन 1560 पासून, मधली काही वर्षे सोडता, 1812 पर्यंत चालले. ज्या गोव्यात 'क्रिस्तपुराण' छापले गेले, तिथेच 1684 साली लोकांची बोली बंद करण्याचा हुकूम निघाला. अ. का. प्रियोळकरांनी हा सगळा काळ कागदपत्रांनिशी मांडून ठेवला आहे.

हे ऐकून मुलाची श्रद्धा डळमळेल, असे भिणाऱ्यांनी पवित्र शास्त्र पुन्हा उघडावे. दावीद राजाने उरियाला कपटाने मारवले, हे शमुवेलाच्या पुस्तकात लिहिले आहे आणि नाथान संदेष्टा राजाला तोंडावर दोषी ठरवतो. राजांच्या पुस्तकांत स्वकीय राजांवरच ठपका आहे. पेत्राने प्रभूला नाकारले ते चारही शुभवर्तमानांत आहे. आपल्याच माणसांचे पाप नावानिशी नोंदवणे ही ख्रिस्ती इतिहासदृष्टीची जुनी रीत आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च 2000 मध्ये चर्चच्या मुलांच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली, ती याच रीतीने. लपवाछपवी या दृष्टीत बसत नाही. आणि लपवलेले मुलाला सोळाव्या वर्षी मोबाइलवर सापडतेच, तेही द्वेषाची फोडणी घालून.

मानक नगरात असोत की मुलुंडला, ज्या आईबापांनी हे काम हाती घेतले आहे त्यांनी ते सोडू नये. मराठी वाचता येणाऱ्या मुलाच्या हाती लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' द्यावीत. नवरा ख्रिस्ती झाल्यावर एका बाईवर काय गुजरले आणि तिने स्वतः काय ठरवले, ते त्यात तिच्याच तोंडून आहे. रेसिडेन्सी पाहायला न्यावे आणि तिथे हजरत महलचेही नाव सांगावे. इझाबेला थोबर्नने 1870 साली याच शहरात मूठभर मुली घेऊन शाळा सुरू केली, तिचे आजचे कॉलेज दाखवावे. आणि त्याच आठवड्यात कुंकळ्ळीची गोष्ट सांगावी, असोळण्याच्या किल्ल्यापर्यंत, पुरती.