मोबाइलचा कॅमेरा बंद करा, पण आपल्या हाताने



पडघा परिसरातल्या विहारांत आणि वस्त्यांवर तरुणांसमोर मोबाइलचा कॅमेरा बंद ठेवण्याचा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" बोलणारा बहुतेक वेळा चळवळीतलाच असतो. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतो, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर रात्रभर स्वयंसेवक म्हणून उभा असतो. त्याच्या मते लेन्सवर चिकटपट्टी लावणारा माणूस एकतर घाबरट, नाहीतर काहीतरी गडबड करणारा. आमचा हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे, कारण हे वाक्य आपलं नाही. ज्यांच्याकडे कुणी कधी संशयाने पाहिलं नाही, त्यांचं ते आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांकडे 'खाजगी' असं काय शिल्लक ठेवलं होतं? अंगावर कोणतं कापड आहे, घरात भांडी पितळेची आहेत की मातीची, लग्नाची वरात कोणत्या रस्त्याने गेली, पोरगा शाळेत कुठे बसला, हे सगळं गावाच्या नजरेत असायचं आणि नजरेला खुपलं की शिक्षा व्हायची. जातिव्यवस्था चालवायला नुसतं बळ पुरत नाही, पाळतही लागते. म्हणून 'मला कोण, कधी, किती पाहणार हे मी ठरवीन' हे म्हणणं आपल्यासाठी शहरी चोचला नाही.

बाबासाहेबांना हे नेमकं ठाऊक होतं. मार्च १९४७ मध्ये संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीसमोर त्यांनी जो मसुदा ठेवला, तोच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. आपण त्यातला राज्य समाजवाद वाचतो, शेतजमिनीच्या राष्ट्रीयीकरणावर भाषणं करतो. पण त्याच मसुद्यात माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना बेकायदा झडती-जप्तीपासून संरक्षण देणारं कलमही होतं. उपसमितीतल्या बड्या कायदेपंडितांनी हरकती घेतल्या आणि अशी तरतूद संविधानात आली नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टास्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. बाबासाहेबांनी मागितलेलं मिळायला सत्तर वर्षं गेली, आणि आपला कार्यकर्ता विचारतो, लपवण्यासारखं आहेच काय!

आता उदाहरण आपल्याच माणसाचं. आनंद तेलतुंबडे यांच्या गोव्यातल्या घराची २८ ऑगस्ट २०१८ रोजी पोलिसांनी झडती घेतली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना कळवण्यात आलं, की पेगॅसस या इस्रायली पाळत-प्रणालीने ज्यांना लक्ष्य केलं त्यांत त्यांचाही फोन आहे. व्हॉट्सॲपच्या म्हणण्यानुसार जगभरात सुमारे १४०० फोन या हल्ल्यात होते आणि शिरकाव व्हॉट्सॲप कॉलच्या वाटेने झाला होता. समोरच्याने फोन उचलायचीही गरज नव्हती. पेगॅसस एकदा आत शिरलं की मेसेज वाचता येतात आणि मालकाला न कळता माइक आणि कॅमेरा चालू करता येतो. तेलतुंबडेंनी १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन भीम जयंतीला, स्वतःला एनआयएच्या ताब्यात दिलं. बाहेर यायला नोव्हेंबर २०२२ उजाडलं. त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो. आमचेही काही मतभेद आहेत, ते आत्ता बाजूला. बाबासाहेबांच्या विचारावर पुस्तकं लिहिणाऱ्या प्राध्यापकाचा खिसा कुणीतरी आतून पाहू पाहत होतं, एवढं लक्षात घ्या.

पेगॅससवर सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ फोनांपैकी ५ फोनांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असं सिद्ध झालं नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीने नोंदवलं. लपवण्यासारखं नसेल तर दाखवा, हा नियम फक्त खालच्यांना लागू असतो काय?

पडघ्याच्या माणसाला संशय म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको. ९ डिसेंबर २०२३ रोजी एनआयएने पडघा-बोरिवलीत छापे घातले, अटका झाल्या. जप्तीत स्मार्टफोनही होते. ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांचं काय ते न्यायालय ठरवेल. पण त्यानंतर 'पडघा' या नावाभोवती टीव्हीवाल्यांनी जे उभं केलं, त्याचा भार इथला मुसलमान वाहतोय आणि थोडाफार आपणही. तुम्ही काय केलंत यापेक्षा तुमचं गाव, आडनाव, मोहल्ला काय आहे यावर नजर ठरते. नजर टाकणारा कोण हे जिथे आपण ठरवत नाही, तिथे लपवण्यासारखं काय आहे हेही आपण ठरवत नसतो.

कॅमेऱ्याची खरी किंमत कुणाला कळते, हे भिवंडी तालुक्यातल्या गोदामांच्या गेटवर पाहा. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं. आपली पोरं-पोरी तिथे पिकिंग, पॅकिंग, लोडिंगला जातात. कुठे मोबाइल लॉकरमध्ये ठेवून घेतात, कुठे सिक्युरिटीवाला लेन्सवर स्टिकर मारतो. का? मालाचं गुपित, हे सांगायचं कारण. पण त्या स्टिकरखाली आणखी बरंच झाकलं जातं. जड पेटी पाठीवर पडलेला मजूर, पत्रा तापल्यावरची घुसमट, बायकांच्या संडासाची अवस्था, यातलं काहीच बाहेर येत नाही. आत मात्र छताला सीसीटीव्ही आहे, पाणी प्यायला किती वेळ गेला तेही दिसतं. तुमचा कॅमेरा बंद, त्यांचा चालू. आणि हाच पोरगा संध्याकाळी घरी येऊन कुठल्याही फालतू ॲपला कॅमेऱ्याची परवानगी देतो!

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांचा धंदा आठवा. हप्ता चुकला की वसुलीवाला तुमच्याच फोनमधून उचललेल्या फोटोशी खेळ करून, अश्लील चित्र बनवून ते नातेवाइकांना पाठवतो. हे प्रकार इतके वाढले की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांत कर्जाच्या ॲपांना फोनमधल्या फाइली, फोटो, संपर्क यादी, कॉलची नोंद यांना हात लावायला मनाई केली. कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त केवायसीपुरतं, एकदाच, ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने. पण बेकायदा ॲप रिझर्व्ह बँकेला विचारून येत नाही. तिथे नियम तुमच्या बोटात आहे.

आणखी एक माणूस आहे, ज्याला कॅमेरा बंद करायची सोयच नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवरून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो काढून हजेरी लावणं सक्तीचं झालं. नेटवर्क नाही, फोटो चढला नाही, की राबूनही मजुरी अडकते. डोंगरपट्ट्यात रेंज कशी असते ते शहापूर तालुक्यातल्या कातकरी पाड्यांवर जाऊन पाहावं. जुलै २०२५ पासून अंगणवाडीचा घरपोच आहार घेताना गरोदर आणि स्तनदा मातेला चेहरा दाखवून ओळख पटवावी लागते. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. चेहरा दाखव तर खा, मनगट दाखव तर पगार. या सगळ्यांची जात आणि वर्ग कोणता, हे वेगळं सांगायला हवं का? मंत्रालयातल्या सचिवाची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून लागते असं आम्ही तरी ऐकलेलं नाही. म्हणून कॅमेरा बंद करण्याची गोष्ट सेटिंगपाशी संपत नाही. या सक्तीविरुद्ध ग्रामसभेत, युनियनमध्ये बोलायचं हे तिचं दुसरं टोक आहे.

यावर आपल्यातूनच एक दमदार हरकत येते: कॅमेरा तर आपलं हत्यार आहे, तोच बंद करायचा? हरकत खरी आहे. जुलै २०१६ मध्ये उना इथे चार दलित तरुणांना गाडीला बांधून मारलं, त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच मिरवण्यासाठी पसरवला आणि त्याच व्हिडिओने गुजरात पेटलं. पण जून २०१८ मधलं जळगाव जिल्ह्यातलं वाकडी आठवा. विहिरीत पोहली म्हणून दोन मातंग मुलांना नागडं करून मारलं. तोही व्हिडिओ मारणाऱ्यांच्या बाजूचा. तो फिरवला कुणी? संतापाने, निषेध म्हणून, आपणही फिरवला. अल्पवयीन मुलांची नग्न देहं लाखो मोबाइलवर गेली. बालकांची ओळख उघड करणं बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे, हे तेव्हा कितीजणांनी बघितलं? अत्याचाऱ्याने केलेली विटंबना आपण फॉरवर्ड करून मोठी करतो आणि त्याला जागृती म्हणतो. हे थांबलं पाहिजे. व्हिडिओ पोलिसांना द्या, वकिलाला द्या, आयोगाला द्या. ग्रुपवर नको.

हत्यार चोवीस तास उघडं घेऊन कुणी फिरत नाही. कॅमेरा एरवी बंद, आणि उघडायचा तर ठरवून. मग तो पुरावा म्हणून टिकेल असा वापरायचा. मूळ फाइल फोनमधून पुसू नका, कापू नका, फिल्टर लावू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. मूळ फाइलच नसेल तर वकील काय करणार?

आता प्रत्यक्ष कृती. अँड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल तर वरून पट्टी खाली ओढा, पेन्सिलच्या खुणेवर जाऊन 'कॅमेरा ॲक्सेस' आणि 'माइक ॲक्सेस' ही दोन बटणं पट्टीत आणा. बंद केलं की कुठल्याच ॲपला चित्र मिळत नाही. क्यूआर स्कॅन करताना फोन विचारेल, तेव्हा चालू करा, पैसे दिले की पुन्हा बंद. आयफोनला असं एक बटण नाही. तिथे 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये एकेका ॲपची परवानगी काढावी लागते, आणि 'स्क्रीन टाइम'च्या निर्बंधांतून कॅमेरा ॲपच गायब करता येतं. वापरात नसताना वर कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला तर कुठलं ॲप कॅमेरा वापरतंय ते लगेच पाहा. फोटोसोबत जागेची नोंद जाते, ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद करा. अत्याचारपीडित कुटुंबाच्या लपण्याच्या जागेचा पत्ता आपल्याच फोटोतून फुटायला नको. चेहऱ्याने उघडणारं लॉक काढा, सहा आकडी पिन ठेवा. फोन हिसकावून तुमच्या तोंडासमोर धरायला दोन सेकंद लागतात.

यातली मर्यादाही सांगून टाकतो. पेगॅसससारखं काही फोनमध्ये शिरलं तर सेटिंगच्या बटणावर विसंबता येत नाही. तिथे पाच रुपयांची काळी चिकटपट्टी जास्त कामाची, आणि चिकटपट्टी चित्र झाकते, आवाज नाही. संवेदनशील बैठकीला फोन दुसऱ्या खोलीत. फोन अद्ययावत ठेवणं कंटाळवाणं वाटतं, पण बहुतेक शिरकाव जुन्या फटींतूनच होतो.

आणि एक कॅमेरा असा आहे जो चालू करून घेण्यासाठी आपण भांडलं पाहिजे. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम १५-अ, पोटकलम १०: या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचं व्हिडिओ चित्रीकरण झालं पाहिजे. २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहे. डॉ. पायल तडवी प्रकरणात जामिनाच्या सुनावणीवेळी हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात उभा राहिला, म्हणून निदान वकिलांच्या कानावर तरी गेला. फिर्यादी बाई साक्ष देत असताना तिला कसे प्रश्न विचारले जातात, कोण हसतं, कोण दरडावतं, हे नोंदलं जावं यासाठी ती तरतूद आहे. ठाण्याच्या कोर्टात ज्यांच्या केसेस चालू आहेत, त्यांनी वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा: १५-अ (१०) चा अर्ज दिला का? दिला नसेल तर नमुना आम्ही देतो, पुढच्या तारखेच्या आत येऊन घेऊन जा.