पाच मिनिटांचं काम

"लोगो? पाच मिनिटांचा काम तां!" हे वाक्य मालवणात मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते म्हणीत जमा करायला हरकत नाही. होमस्टेवाला म्हणतो, मंडळाचा अध्यक्ष म्हणतो, बचत गटाच्या ताई म्हणतात, आणि ज्यांच्या घरात डिझाईन शिकणारं पोर आहे ते आईवडीलही म्हणतात. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर वाचा.

आमच्या शेजारची एक मुलगी मुंबईत ग्राफिक डिझाईन शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आली, तेव्हा तिच्या काकीने काम काढलं. काकी मसाला, आगळ आणि सोलं विकते. "गो बाय, माका एक लोगो करून दी. मोबाईलवर होता म्हणे." नाव ठरलेलंच होतं, त्यात 'मालवणी' हा शब्द होता.

त्या एका शब्दावर पोरीने तीन आठवडे घालवले. मी पेपरवाला, अक्षरांवरच पोट भरतो, त्यामुळे कुतूहल होतं. अधूनमधून जाऊन बसायचो. तिने जे दाखवलं ते मला वीस वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं.

'मालवणी' लिहून बघा. म, त्याचा काना, ल, व, मग ण, त्याची वेलांटी. सगळ्या उभ्या रेघा. ण तर एकटाच दोन खांब घेऊन येतो. ती म्हणाली, "काका, हे नाव नाही, कुंपण आहे." खरंच होतं. जाड फॉन्टमध्ये टाकलं की लांबून नुसते वासे दिसतात. त्या कुंपणात गोलाई आणणारी अक्षरं दोनच, ल आणि व. व चा गोळा एका बाजूला. राहिला ल. इथे खरी गंमत आहे.

आपण शाळेत जो ल शिकलो त्याला दोन पाकळ्या असतात. संगणकावरच्या बऱ्याच फॉन्टमध्ये येतो तो ल मात्र हिंदी वळणाचा. श चंही तसंच. मराठी श ला देठ असतो. हा आपला हट्ट नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाण करून दिली आणि १० नोव्हेंबर २०२२ ला पुन्हा सुधारित निर्णय काढून पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श लिहा असं सांगितलं. आता बाजारपेठेत एक फेरी मारा आणि 'मालवण' लिहिलेल्या पाट्यांवर पाकळीचा ल किती ठिकाणी सापडतो ते मोजा. सरकारी पाट्याही मोजा, त्यांना सवलत नको.

तर त्या ल साठी ही मुलगी गावभर फिरली. पेठेतल्या जुन्या, ब्रशने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढले. दांडी किनाऱ्यावर जाऊन ओढून ठेवलेल्या होड्यांवरची नावं टिपली. होडीचा नोंदणी क्रमांक रोमन अक्षरात, एकसारखा, सरकारी. पण नाव मात्र मालकाच्या मनासारखं, कुठे देवीचं, कुठे लेकीचं. ऑइल पेंट, चपटा ब्रश, आणि फळीचा बाक बघून अक्षर कुठे रुंद कुठे अरुंद करायचं हे ठरवणारा पेंटर. तिने मला दाखवलं, की पेंटरच्या ल ची डावी पाकळी नेहमी जाड येते, कारण ब्रश तिथे वळताना दाबला जातो. कॉम्प्युटरला हात नाही, त्यामुळे तो दाबत नाही. दाब आपण द्यावा लागतो.

मग घरी येऊन आलेखाच्या वहीत पानंच्या पानं. बोरूसारखा तिरका कापलेला चपटा पेन घेऊन आधी हाताने लिहायचं, मग बटर पेपर वर ठेवून गिरवायचं, मग एकेक रेघ सुधारायची. साठेक 'मालवणी' मी स्वतः मोजले. त्यातले बरेच तर मला चांगले वाटले होते. तिने काट मारली.

एकात वेलांटीचं शीड केलं होतं. मी म्हटलं, मस्त आहे की! ती म्हणाली, "मालवणात शीड नाही असा लोगो दाखवा." दाखवता आला नाही. शीड, माड, मासा आणि किल्ल्याचा बुरूज, या चौघांवर आपला सगळा जिल्हा चाललाय. पुढच्यात काना मिरचीचा केला होता. तोही गेला. मसाला म्हटलं की मिरची कोणालाही सुचते, आणि जे कोणालाही सुचतं ते दुकानाच्या फळीवर ओळखू येत नाही.

शेवटी राहिलं ते फार साधं होतं. शिरोरेषा ल च्या डोक्यावर थोडी तोडली, पाकळ्या मोठ्या केल्या, ण चे दोन खांब जवळ आणले आणि वेलांटी आखूड ठेवली. बस्स. चित्र नाही, काही नाही. पण तो ल एकदा बघितला की विसरत नाही. मग त्याच्या परीक्षा. अंगठ्याच्या नखाएवढा छापून वाचता येतो का? काळ्यापांढऱ्यात झेरॉक्स मारली की पाकळ्या बुजतात का? रस्त्यापलीकडून दिसतो का? पहिल्या छपाईत पाकळ्यांतली जागा शाईने भरलीच, मग पुन्हा दोन दिवस ती जागा मोकळी करण्यात गेले. अक्षराइतकीच अक्षराच्या आतली पांढरी जागा काढावी लागते, हे मला तेव्हा कळलं.

काकीने बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्यात केलंस काय? नावच तर लिवलंस!" पैशांचं नाव कोणी काढलं नाही. बांगड्याचं तिकलं मात्र पोटभर मिळालं.

हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण मला ते टोचतं. कारण या कामाची किंमत काय असते हे देशाने एकदा बघितलंय. आपल्या रुपयाचं चिन्ह घ्या. २००९ मध्ये अर्थ मंत्रालयाने खुली स्पर्धा ठेवली. तीन हजारांवर प्रवेशिका आल्या, शेवटच्या फेरीत पाच राहिल्या, आणि १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळाने मंजूर केलं ते डी. उदय कुमार यांचं चिन्ह. हे गृहस्थ कोणी मोठ्या जाहिरात कंपनीचे मालक नव्हते. मुंबईत पवईच्या आयआयटीत, आयडीसी या डिझाईन विभागात पीएचडी करणारे विद्यार्थी होते, आणि अभ्यासाचा विषय तमिळ अक्षरांची घडण. तमिळला शिरोरेषा नसते, आणि म्हणूनच की काय, त्यांना देवनागरीची शिरोरेषा नीट दिसली. देवनागरी र, रोमन आर ची काठी काढून उरलेलं अंग, आणि वर दोन आडव्या रेघा. त्या दोन रेघांत मधली पांढरी जागा धरून तिरंगाही दिसतो आणि बरोबरीचं चिन्हही. बक्षीस होतं अडीच लाख रुपये. आज ते नोटांवर, नाण्यांवर, तुमच्या मोबाईलच्या कीबोर्डवर आहे. २०२५ च्या मार्चमध्ये तमिळनाडू सरकारने आपल्या बजेटच्या लोगोत ते काढून तमिळ अक्षर घातलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतोय ना? एका अक्षरावरून दोन सरकारं भांडतात, आणि आपण म्हणतो पाच मिनिटांचं काम.

पवईचंच आणखी एक नाव सांगायला हवं. र. कृ. जोशी. कोल्हापूरचा माणूस, कवीही होते, आयडीसीत शिकवायचे. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं जो मंगल फॉन्ट वापरला तो त्यांचा. कमल शेडगे २०२० मध्ये गेले. मराठी नाटकांच्या जाहिरातीत नाटकाचं नाव त्यांच्या हातचं असलं की नाटक सामाजिक की फार्स हे नाव वाचायच्या आधीच कळायचं. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ ची पद्मश्री मिळाली. मराठी अक्षराच्या कामाला मान नाही असं कोणी म्हणू शकत नाही. मान मुंबईत आहे, गावात बिल नाही, एवढंच.

आणि आपला जिल्हा तर छापील मराठीत पहिल्यापासून आहे. 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं, ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. दरवर्षी आम्ही पत्रकार त्या दिवशी हार घालतो, भाषणं करतो. 'दर्पण'च्या पानावर मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी दोन स्तंभांत छापलेलं असे. त्या काळी मराठीचे खिळे पाडणं हेच एक दिव्य होतं. काना, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो वेगवेगळे ठसे लागतात. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरूंनी जे ठसे कापले त्यांचं नाव देशभर झालं. तेही एकेक अक्षर हाताने पोलादात कोरूनच.

आज आपल्याकडे काय चाललंय? २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, हेही त्यात आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सुनावलं. मी या कायद्याच्या बाजूचा आहे, शंभर टक्के. पण कायदा अक्षराची उंची मोजतो, अक्षर मोजत नाही. म्हणून पाट्या कशा झाल्या? इंग्रजी नाव डौलदार, त्याला साजेसा रंग, साजेसा फॉन्ट. आणि वर मराठी नाव इन्स्पेक्टरच्या भीतीने ठोकलेलं, मिळेल त्या फॉन्टमध्ये, आडवं ताणून. काही ठिकाणी तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसलेली, 'ऱ्या' चा नुसता चौकोन झालेला. फ्लेक्सवाल्याला विचारलं तर म्हणतो, सॉफ्टवेअर जुनं आहे, फॉन्ट उचलत नाही. त्याचीही चूक नाही. त्याला चौरस फुटावर पैसे मिळतात, ल वर नाही.

भरीला आता एआय. एक ओळ टाकली की चित्रातला सूर्यास्त झक्कास येतो, पण मराठी अक्षरं बऱ्याचदा जोडाक्षरात फुटतात, मात्रा हवेत तरंगतात. तेच चित्र मसाल्याच्या पाकिटावर छापलेलं मी बघितलंय.

हा नुसता सौंदर्याचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. प्रश्न पोटाचा आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, वेंगुर्ल्याच्या काजूलाही मानांकन आहे, तरी कुठलाही आंबा देवगडच्या नावाने विकला जातो. म्हणून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेला २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर सांकेतिक क्रमांकाचा स्टिकर लावायला लागला. चांगलं केलं. पण स्टिकर बघण्याआधी गिऱ्हाईक पेटी बघतं. पेट्या सगळ्यांच्या सारख्याच, तेच पिवळं, तेच लाल, तोच फॉन्ट. नक्कल करणाऱ्याला काहीच कष्ट नाहीत. हाताने घडवलेलं अक्षर चोरता येतं, नाही असं नाही, पण चोरलेलं लगेच दिसतं.

आता थोडं स्पष्ट बोलतो. लोगो स्पर्धा नावाचा प्रकार बंद करा. जिल्ह्यात वर्षाकाठी अशा दोनचार निघतात, मी कोणाचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. विद्यार्थ्यांकडून शंभर लोगो मागवायचे, एकाला प्रमाणपत्र आणि पुष्पगुच्छ, आणि लोगोचे सगळे हक्क आयोजकांचे. बाकी नव्व्याण्णव जणांनी फुकट राबायचं. स्पर्धा ठेवायचीच तर रुपयाच्या चिन्हासारखी ठेवा, बक्षीस आधी जाहीर करा, शेवटच्या फेरीत आलेल्यांना मानधन द्या. उद्घाटनाच्या मांडवाला किती खर्च होतो ते मला माहीत आहे, बातमी मीच लिहितो.

ज्यांची ऐपत नाही त्या ताईंसाठी एक सांगतो. मुक्ता, बालू, मोदक ही एक टाईप या मुंबईच्या मंडळींनी केलेली देवनागरी अक्षरं गुगलवर फुकट मिळतात, आणि ती धंद्यात वापरणं कायदेशीर आहे. मोदक तर नावासारखाच गुबगुबीत, खाऊच्या पाकिटाला शोभेल असा. चोरलेल्या फॉन्टपेक्षा आणि एआयच्या फुटक्या अक्षरापेक्षा हे कितीतरी बरं. निदान फ्लेक्सवाल्याकडे जाताना फॉन्ट पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि छापण्याआधी ल, श, ऱ्या नीट आलाय का ते स्वतः बघा.

आणि घरात डिझाईन शिकणारं पोर असेल, तर काम सांगताना आकडाही सांगा. पाचशे का असेना. काकीने शेवटी दिले, उशिरा दिले, पण दिले. पहिल्या शंभर पाकिटांची लेबलं छापून आली तेव्हा आठवडी बाजारात दोन बायकांनी विचारलं, "ह्यां नाव खंयच्या पेंटरान लिवलां?" मग काकीने तिच्या हातात पाकीट ठेवलं.

ती मुलगी आता जिल्ह्यातल्या जुन्या रंगवलेल्या पाट्या आणि होड्यांवरची नावं गोळा करतेय. फ्लेक्स आल्यापासून पेंटर कमी झालेत, पाट्या दर पावसाळ्यात धुऊन जाताहेत. तुमच्या वाडीत, बंदरावर, गिरणीवर, देवळाच्या कमानीवर हाताने लिहिलेलं अक्षर उरलं असेल तर फोटो काढून मला पाठवा. गावाचं नाव लिहा, आणि कोपऱ्यात पेंटरची सही असेल तर तीही फोटोत येऊ दे.