दिसेल तेच वाचेल

पाण्याखालच्या जीवांची एक मोठी अडचण आहे. डोंगरावरचे जंगल तुटले की उघडा माळ दिसतो. हवा बिघडली की खोकला सुरू होतो. समुद्राच्या तळाशी असलेले जंगल नाहीसे झाले, तरी वरून पाणी पूर्वीइतकेच निळे दिसते. म्हणून या जगाची बाजू आजवर शास्त्रज्ञांच्या बरोबरीने चित्रकार आणि छायाचित्रकारांनी मांडली आहे. त्यांचे काम हौस म्हणून बाजूला सारणे महागात पडते. समुद्रापासून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या कोराडीलाही हा धडा लागू आहे.

या परंपरेची सुरुवात थंड पाण्याच्या किनाऱ्यावर झाली. ब्रिटनच्या ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ मध्ये समुद्री शैवालांच्या प्रतिमांचे पुस्तक काढायला घेतले. त्यात कॅमेरा नव्हताच. लोहक्षार लावलेल्या कागदावर शैवाल ठेवायचे, उन्हात धरायचे आणि पाण्याने धुवायचे, की निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी आकृती उमटे. छायाचित्रांनी सजलेले हे जगातले पहिले पुस्तक मानले जाते. याच निळ्या पद्धतीने पुढे यंत्रांचे आणि कारखान्यांचे आराखडे काढले गेले. 'ब्ल्यू प्रिंट' हा शब्द तिथूनच आला.

समशीतोष्ण समुद्रातल्या खडकांवर केल्प नावाच्या तपकिरी शैवालाची जंगले उभी असतात. मासे, खेकडे, ऑक्टोपस यांचे घर तेच. दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फॉस्टर केपटाऊनजवळच्या अशा जंगलात रोज बुडी मारत. तिथल्या एका ऑक्टोपसच्या सहवासावरचा माहितीपट २०२० मध्ये आला, २०२१ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले आणि कधीही समुद्रात न उतरलेल्या लाखो लोकांना केल्पचे जंगल ठाऊक झाले. त्याच्या दहा वर्षे आधी, २०११ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर समुद्री उष्णतेची लाट आली आणि सुमारे १०० किलोमीटर पट्ट्यातले केल्प संपले. तेव्हा जगाने फारशी दखल घेतली नाही. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल हळहळ वाटत नाही, हेच खरे.

महाराष्ट्राचा समुद्र उष्ण कटिबंधातला, पण अनुभव तोच. मुंबईचा किनारा म्हणजे घाण पाणी आणि प्लास्टिक, असा सर्वांचा समज. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या उपक्रमाने ओहोटीच्या वेळी जुहू, हाजी अलीसारख्या ठिकाणचे खडक पालथे घातले. रंगीत समुद्री गोगलगायी, ऑक्टोपस, स्पंज, प्रवाळ अशा शेकडो प्रजातींची छायाचित्रे जमा झाली. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच आहे. मात्र जीव आहे हेच कुणाला माहीत नसेल, तर असे कवच कागदावरच राहते.

सौंदर्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फिलिप हेन्री गॉस यांच्या सुंदर सचित्र पुस्तकांमुळे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घरोघरी काचपेट्या आल्या आणि हौशी संग्राहकांनी किनाऱ्यावरची डबकी ओरबाडून काढली. त्यांच्या मुलाने, एडमंड गॉस यांनी, १९०७ च्या पुस्तकात ही खंत नोंदवली आहे. चित्र ओढ निर्माण करते. शिस्त वेगळी शिकवावी लागते.

आता कोराडीकडे वळू. येथील औष्णिक केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. आणखी दोन संचांच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. भारतीय कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते आणि ती कुठेतरी साठवावीच लागते. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत, नाल्यांत शिरले. परिसरातले पाणी कोलार नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला मिळते. धुराचा रस्ता त्याहून सरळ आहे. हरितगृह वायूंमुळे साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्र शोषतो. केल्प मारणाऱ्या उष्णतेत जगातल्या प्रत्येक चिमणीचा वाटा असतो. कोळशातला पारा पाण्यात पोहोचला, की सूक्ष्मजीव त्याचे मिथाइल पारा या अधिक घातक रूपात रूपांतर करतात. तो माशांत साठतो आणि मासा ताटात येतो. इथे पर्यावरणाचा प्रश्न आरोग्याचा होतो.

बंधारा फुटल्यावर शेताचा पंचनामा होतो, कारण पीक काय होते हे शेतकरी सांगू शकतो. नाल्यातल्या गोगलगायी, शिंपले, चतुरांच्या अळ्या यांचा पंचनामा कोण करणार? त्यासाठी आधीची नोंद हवी. उपाय फार खर्चाचा नाही. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाचे आणि विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाचे विद्यार्थी एकत्र आले, कोराडी तलाव, कोलार आणि कन्हान येथील ठरावीक जागा निवडल्या, आणि उन्हाळा, पावसाळ्यानंतर व हिवाळा असे वर्षातून तीनदा तिथले जीव टिपले, तर पाच वर्षांत भक्कम पुरावा उभा राहील. प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, नेमकी जागा आणि आकार कळण्यासाठी मोजपट्टी असावी. जीव उचलून आणायचा नाही, दगड उलटला तर पुन्हा तसाच ठेवायचा. या नोंदी सर्वांसाठी खुल्या असाव्यात आणि पुढच्या प्रत्येक जनसुनावणीत पटलावर याव्यात.

वीज हवी, हे कुणी नाकारत नाही. चित्राने राख कमी होत नाही आणि पारा मोजायला प्रयोगशाळाच लागते, हेही खरे. पण प्रयोगशाळेचा आकडा तज्ज्ञाला पटतो, तर चित्र गावाला कळते. सुनावणीत बोलायला गावच उभे राहते. विजेच्या हिशेबात मेगावॉट, टन आणि रुपये येतात. पाण्यातल्या जीवांना त्या हिशेबात जागा मिळवून द्यायची असेल, तर आधी त्यांचा चेहरा दाखवावा लागेल.