‘कॉस्मो’ सोसायटीत कोण राहत नाही?

पुण्यात किंवा मुंबईत भाड्याने घर शोधलं असेल, तर ‘कॉस्मो’ हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. ‘एकदम कॉस्मो सोसायटी आहे सर, मिक्स क्राउड,’ असं ब्रोकर सांगतो. त्याचा अर्थ असा की शेजारी तमिळ, बंगाली, पंजाबी, मराठी सगळे असतील आणि रविवारी तुम्ही मटण शिजवलंत तर कमिटीचं पत्र येणार नाही. आपल्याला हे ऐकून बरं वाटतं. गावाकडची जातपात, चौकश्या मागे टाकून आपण मोकळ्या शहरात आलो, असं वाटतं.

माझ्या मते हा शब्द आपल्याला फसवतो आणि आपण आनंदाने फसतो.

मी हिंजवडीजवळ राहतो. माझ्या मजल्यावर चार फ्लॅट आणि चार मातृभाषा. पण चारही घरांत कंपनीचा लॅपटॉप, चारही घरांत साधारण सारखाच पगार, आणि मुलं असतील तर ती पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत. याच मजल्यावर रोज आणखी पाच-सहा माणसं येतात. पोळ्या करणाऱ्या मावशी, लादी पुसणाऱ्या ताई, कचरा नेणारे, गाड्या धुणारे. ती भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांतून येतात. गेटवरच्या ॲपमध्ये त्यांचा फोटो आणि येण्या-जाण्याची वेळ नोंदवली जाते, निघताना पिशवी तपासली जाते, लिफ्ट वेगळी. ही माणसं सोसायटीत माझ्याइतकाच वेळ घालवतात. पण ‘मिक्स क्राउड’ मोजताना त्यांना कुणी मोजत नाही.

रात्रपाळीचा गार्ड तर माझ्याच जिल्ह्यातला, गोंदियाचा. पहिल्या भेटीत त्याने विचारलं, ‘कोन्या गावचे जी तुमी?’ आम्ही दोघं एकाच महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्यात आलो. त्याच्या घरी थोडी धानाची शेती आहे, माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री. तो एका खोलीत सात जणांबरोबर राहतो. मला अकराव्या मजल्यावरून त्या खोलीचं छप्पर दिसतं.

गोंदिया जिल्ह्यात आमच्याकडे मूळ गावाला लागून टोले असतात. गोवारीटोला, गोंडीटोला अशी नावंच आहेत. नावावरूनच कळतं की तिथे कोण राहतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. शहरातल्या वस्त्यांना मात्र असा निर्णय लागत नाही. तिथे टोल्याचं नाव ‘ग्रीन’, ‘हाइट्स’, ‘रेसिडेन्सी’ असं असतं आणि आत कोण येणार हे चौरस फुटाचा दर ठरवतो. पाटी बदलली, टोला तसाच राहिला.

यावर मोठी माणसं म्हणतात, पूर्वी असं नव्हतं, चाळीत कसं सगळे एकत्र राहायचे. चाळीच्या आठवणी गोड आहेत, पण त्या अर्ध्याच सांगितल्या जातात. गिरगावातल्या पांढरपेशांच्या चाळी वेगळ्या आणि परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या वेगळ्या. वरळीच्या बीडीडी चाळींत दलित आणि सवर्ण शेजारी-शेजारी होते, हे खरं. पण १९७४ च्या जानेवारीत तिथेच दंगल पेटली आणि दलित पँथर व शिवसेना आमनेसामने आले. मुंबईतली सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात मानली जाते ती १९१५ च्या गावदेवीतल्या सारस्वत सोसायटीपासून, आणि तिच्या नावातच ती कुणासाठी आहे ते लिहिलेलं आहे. म्हणजे ज्या ‘सोसायटी’त आपण आज राहतो, ती कल्पनाच जातभाईंच्या आधाराने उभी राहिली. त्यात वाईट हेतू होता असं नाही. नव्या शहरात माणूस ओळखीच्या माणसाचा हात धरतो. पण हात धरताना दार कुणासाठी बंद होतं, हेही सांगायला हवं.

ते दार कायद्यानेही पूर्ण उघडलेलं नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा सोसायटीचा नियम वैध ठरवला. भाड्याच्या घरांचं तर विचारूच नका. दिल्ली परिसरात संशोधकांनी वेगवेगळ्या आडनावांनी घरमालकांशी संपर्क साधला, तेव्हा दलित आणि मुस्लिम नावांना नकार किंवा जाचक अटी जास्त मिळाल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे वेगळं काय होतं? पुण्यात घर शोधताना एका मालकाने मला आडनाव विचारलं, मग गाव, मग ‘म्हणजे नक्की कोण?’ भाड्याबद्दल एकही प्रश्न नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, शेअर केला. संताप रास्तच होता. पण त्या आठवड्यात जे ग्रुप पेटून उठले होते, त्याच ग्रुपांवर ‘फॅमिली प्रेफर्ड, ओन्ली व्हेज’ अशा जाहिराती आधीही पडत होत्या, नंतरही पडल्या. नकार आपल्याला झाला की अन्याय, आणि आपण दिला की ‘सोसायटीचा नियम’. हा दुटप्पीपणा आपल्या पिढीने तरी बंद करावा.

आता दुसरी बाजू. काही मित्र म्हणतात, मध्यमवर्ग गरीब वस्तीत राहायला आला की आपोआप मिश्रण होतं, रस्ते सुधारतात, शाळा सुधारतात. याचं उत्तर गिरणगावात मिळतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्या बंद होत गेल्यावर १९९१ च्या नियमाने जमिनीची साधारण तिहाई वाटणी ठरली : एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. लोअर परळमध्ये पुढे काय उभं राहिलं ते तुम्ही मॉलच्या सरकत्या जिन्यावरून पाहिलंच आहे. काही वर्षं तिथे टॉवर आणि चाळ एकाच गल्लीत दिसत होते. छायाचित्रकारांना ते फार आवडायचं. पण ते मिश्रण नव्हतं, एकाने येण्याचा आणि दुसऱ्याने जाण्याचा तो मधला काळ होता. ज्याच्याकडे घराचा पक्का हक्क नाही, त्याच्या शेजारी मध्यमवर्ग राहायला आला की भाडं वाढतं आणि त्यालाच निघावं लागतं.

मग हक्काचं घर दिलं की झालं का? तेवढ्यानेही होत नाही. १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत झोपडीवासीयांना फुकट घर मिळतं आणि बिल्डरला त्याच जमिनीवर विक्रीची इमारत बांधता येते. कागदावर दोघं एका भूखंडावर. प्रत्यक्षात पुनर्वसनाची इमारत मागे, दाटीने उभी. विक्रीची इमारत पुढे, बागेसह, वेगळ्या गेटची. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या पुनर्वसन इमारती इतक्या खेटून बांधल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. तिथल्या क्षयरोगाचा याच्याशी संबंध असल्याचं अभ्यासातून पुढे आलं. लंडनमध्ये २०१४ च्या सुमारास एकाच इमारतीत स्वस्त घरांसाठी वेगळं दार ठेवलं, तेव्हा ‘पुअर डोअर’ म्हणून निदर्शनं झाली. आपल्याकडे अख्खी इमारतच वेगळी असते आणि कुणाला नवल वाटत नाही.

तरीही मार्ग आहे, आणि तो महाराष्ट्राच्या कायद्यातच आहे. २०१३ पासून दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत, ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात २० टक्के घरं आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची आहेत, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची आहेत. घरं लहान, पण पत्ता तोच. हा नियम मनापासून पाळला असता, तर पुण्याच्या प्रत्येक मोठ्या टाउनशिपमध्ये रिक्षाचालक, नर्स आणि इंजिनिअर एकाच सभेत बसले असते. पण त्यात पळवाट ठेवली गेली : हीच घरं जवळपास दुसऱ्या जागी बांधून देता येतात. शिवाय नियम टाळायचे प्रयत्नही झाले. नाशिकमधल्या अशा घरांचं प्रकरण २०२२ मध्ये विधान परिषदेत गाजलं. आपण मात्र या नियमाबद्दल ऐकलेलंही नसतं, आणि ऐकलं तर पहिला प्रश्न असतो : ‘मग आपल्या फ्लॅटची रिसेल व्हॅल्यू?’

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला किमतीची भीती वाटणारच. सुरक्षिततेचीही वाटते. पण सिंगापूरमध्ये तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात आणि १९८९ पासून तिथल्या प्रत्येक ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती कुटुंबं असावीत याची मर्यादा आहे. त्या सरकारचं सगळंच काही मला पटत नाही, पण मला वाटतं, नियम सगळ्या सोसायट्यांना सारखा असला की एकट्या सोसायटीतल्या घरांची किंमत पडण्याची भीती कमी होते. किंमत पडते ती एकाच सोसायटीत मिश्रण झालं आणि शेजारच्या सोसायटीला पळवाट मिळाली की. म्हणून पळवाट बंद करा ही मागणी आपल्या हप्त्याच्याही हिताची आहे. सुरक्षिततेचं म्हणाल, तर घराची किल्ली आणि तान्हं बाळ आपण रोज ज्यांच्या हाती देतो, त्यांनी शेजारी राहायला येण्याची भीती वाटावी, हे कुठलं गणित?

शेजाऱ्याचं मन मोठं असावं असं मी म्हणत नाही. मनावर काही उभं राहत नाही. मिश्र वस्ती म्हणजे एकाच गेटमधून येणं, एकाच सभेत मत देणं, एकाच पाण्याच्या टँकरसाठी भांडणं. मावशींना दिवाळीला साडी दिल्याने हे होत नाही. मावशींचं नाव सभासदांच्या यादीत आल्याने होतं.

सरकारकडे मागण्या तीन. २० टक्के घरं त्याच भूखंडावर, त्याच गेटच्या आत बांधायची, बाहेर नेण्याची सोय रद्द. पुनर्वसन आणि विक्रीच्या इमारतींत मोकळी जागा, ऊन आणि वाट यांचे निकष एकच. आणि जात, धर्म, खाणं किंवा भाषा यावरून घर नाकारणं हा दंडनीय गुन्हा.

यासाठी वर्षं लागतील. पण एक गोष्ट याच वर्षी जमण्यासारखी आहे. आपल्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, तिला आपल्या वयाचे भाडेकरू किंवा नवे मालक जातच नाहीत. मालक असाल तर जा. भाडेकरू असाल तर मालकाला विषय लिहून पाठवा. विषयपत्रिकेत चार ओळी टाकायला सांगा : कामाला येणाऱ्यांसाठी वेगळी लिफ्ट बंद, निघताना पिशवी तपासणं बंद, तळमजल्यावर त्यांच्यासाठी स्वच्छ शौचालय आणि पिण्याचं पाणी, आणि भाडेकरूचं आडनाव, आहार, धर्म विचारण्याला कमिटीची मनाई. विरोध होईल. कोण कशाला विरोध करतं ते इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या. आपली सोसायटी किती कॉस्मो आहे, ते ब्रोकरपेक्षा त्या कागदावरून जास्त खरं कळेल.