विश्लेषण : सरपंचांची डिजिटल सही नेमकी कोणाच्या हाती?

काष्टी असो, बेलवंडी असो की पेडगाव, श्रीगोंदा तालुक्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीत वित्त आयोगाच्या निधीतून काम करायचे, तर आराखड्यापासून ठेकेदाराच्या बिलापर्यंत सारे ‘ई-ग्रामस्वराज’ या प्रणालीवर चढवावे लागते. चेकवरील शाईच्या सहीची जागा पेनड्राइव्हएवढ्या ‘डीएससी’ने, म्हणजे डिजिटल सहीच्या किल्लीने घेतली आहे. त्यामुळे या प्रणालीत कोणाला काय करता येते, हा आता साऱ्या गावाचा प्रश्न आहे.

ही प्रणाली काय करते?

केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची ही प्रणाली 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली. गावाचा विकास आराखडा, कामाची प्रगती आणि जमाखर्च तिथे एकत्र नोंदवला जातो. ती ‘पीएफएमएस’ला जोडलेली असल्याने पैसे थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात. 15व्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी 60 टक्के निधी पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला. महाराष्ट्रात या निधीतील 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींचा ठरला. म्हणजे चुकीच्या हातून सही झाली, तर फटका नळाच्या पाण्याला आणि गटाराला बसतो.

अधिकार कसे वाटले आहेत?

एकाने बिल तयार करायचे, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचे. पहिले काम ग्रामसेवकाचे (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी), दुसरे सरपंचांचे. चेकवर दोघांच्या सह्या लागत, त्याचेच हे नवे रूप. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकल श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी 1975 मध्येच हे तत्त्व मांडले होते : ज्याला जेवढे काम, त्याला तेवढेच अधिकार, आणि महत्त्वाच्या कुलपाला दोन किल्ल्या, दोन वेगळ्या हातांत. यात कोणावर अविश्वास नाही. उद्या बिलाबद्दल शंका निघाली, तर प्रामाणिक माणसाला याच व्यवस्थेचा आधार असतो.

मग पळवाट कुठे?

दोन्ही डीएससी आणि त्यांचे पिन एकाच टेबलाच्या खणात असतील, तर दोन सह्यांना अर्थ उरत नाही. किल्ली आणि पिन बरोबर असला की प्रणाली सही स्वीकारते. बटण कोणी दाबले हे तिला दिसत नाही. यामागे दरवेळी वाईट हेतू असतो असेही नाही. नेटवर्क नसते, सरपंच शेतात असतात, मार्चअखेरची घाई असते. पण सोयीसाठी दिलेली किल्ली हळूहळू दुसऱ्याचीच होऊन जाते. महाराष्ट्रात पंचायतींत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे. सरपंच ताईंची डीएससी घरातल्या कारभाऱ्याच्या खिशात असेल, तर त्या आरक्षणाचाही अर्थ तिथेच संपतो.

कायदा काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 42 नुसार डिजिटल सहीची किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची सही, त्यानेच घ्यायची आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे आहे. ‘मला माहीत नव्हते, ऑपरेटरने केले’ हा बचाव म्हणूनच लंगडा ठरतो.

काय करायला हवे?

संगणक परिचालकाने माहिती जरूर भरावी. सही मात्र ज्याची त्याने करावी. पिन चिठ्ठीवर लिहू नये. सही करण्यापूर्वी रक्कम, पुरवठादाराचे नाव आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंद ताडून पाहावी. सरपंच बदलले किंवा ग्रामसेवकाची बदली झाली, की जुनी डीएससी त्याच वेळी प्रणालीतून काढावी. पंचायत समितीने तपासणीत दप्तराबरोबर ‘डीएससी कोणाजवळ आहे?’ हेही विचारावे.

बदल करण्याचे अधिकार मोजक्यांनाच असावेत; पाहण्याचा अधिकार मात्र सर्वांना आहे. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर आणि ‘मेरी पंचायत’ अ‍ॅपवर आपल्या गावाचा आराखडा व खर्च मोबाइलवर पाहता येतो. पुढच्या ग्रामसभेला जाण्यापूर्वी तो उघडून पाहावा आणि शंका असल्यास तिथेच विचारावी. किल्ली योग्य हातात राहते की नाही, हे शेवटी अशा प्रश्नांवरच ठरेल.