सेल्फ जड फिरतोय? खिशाआधी बॉनेट उघडा

धाटावला आमच्या काकांकडे १९८९ची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा सेल्फ जड झाला. किल्ली फिरवली की ‘घर्र... घर्र...’ आणि मग गप्प. दुकानदाराने बॉनेटमध्ये डोकावून लगेच निकाल दिला, ‘बॅटरी गेली.’ नवी बॅटरी आली. दीड महिन्यात पुन्हा तेच रडगाणं. ‘मग मोठी टाका ना काका,’ हा पुढचा सल्ला. काका इतके वैतागले की म्हणाले, ‘आता भंगारवाल्यालाच बोलावतो.’

दोष निघाला भलतीकडेच. इंजिन आणि बॉडी जोडणारी, वेणीसारखी विणलेली अर्थिंगची पट्टी गंजून अर्धी तुटली होती. नव्या बॅटरीच्या जोरावर काही दिवस ढकलगाडी चालली, इतकंच. पट्टीचा खर्च दोन-तीन लिटर पेट्रोलएवढा!

माझं म्हणणं साधं आहे. मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. आणि हे मी मेकॅनिकलच्या मुलांना नाही, सगळ्यांनाच सांगतेय. ओहमचा नियम आपण दहावीत पाठ केलाय. तो पेपरात लिहिला आणि तिथेच सोडून आलो. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. वाटेतल्या गंजाचा अडथळा फक्त ०.०२ ओहम धरला, तरी दीडशे अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच संपतात. बारातले तीन गेले, तर सेल्फ जड फिरणारच. दिव्यांचा करंट मात्र बॉडीवरून बॅटरीकडे परततो, इंजिनच्या पट्टीवरून नाही. म्हणून दिवे झकास आणि सेल्फ मरगळलेला!

यातूनच एक फुकटातली चाचणी मिळते. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फच जास्त करंट खातोय. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ जड, तर वायरी, टर्मिनल आणि अर्थिंगकडे बघा.

पुढचं काम मल्टिमीटरचं. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. अर्धी असेल तर आधी चार्ज करा, मग बोला. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, कॉइलची वायर काढलेली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. भरलेल्या बॅटरीचा आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर संशय बॅटरीवर किंवा सेल्फवर. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं, तर चोर अर्थिंगमध्ये आहे. शेवटी गाडी चालू करून, थोडी रेस देऊन बघा. साधारण १४ व्होल्ट दिसले नाहीत तर चार्जिंगच होत नाही, आणि नवी बॅटरीही उतरणारच.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं कुणी म्हणेल. अर्धा तास लागतो. चुकीची बॅटरी घेऊन परत जायला यापेक्षा जास्त लागतो.

अर्थात कधी कधी बॅटरी खरंच संपलेली असते. आपल्याकडे तिला थंडीपेक्षा उन्हाळा जास्त मारतो. आतल्या प्लेटा उष्णतेने लवकर झिजतात, आणि कोकणातल्या दमट हवेत टर्मिनलवर बुरशीसारखा थर चढतो, तो वेगळाच. मग घेताना काय बघायचं? आधी व्होल्ट: खूप जुन्या काही गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. मग अर्थिंग कुठल्या बाजूचं: जुन्या मॉरिस मायनरला ते पॉझिटिव्हचं असायचं, उलटं जोडलं तर खर्च वाढलाच. मग अँपिअर-अवर माहितीपुस्तकात दिलंय तेवढं, बैठकीत आणि क्लॅम्पमध्ये बसणारा आकार, टर्मिनल योग्य बाजूला, आणि बनवल्याची तारीख. दुकानात वर्षभर पडून असलेली घेऊ नका. मोठी बॅटरी हा गंजावरचा इलाज नाही. डायनॅमोची गाडी असेल तर आयडलिंगवर चार्जिंग जवळपास होतच नाही, म्हणून रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवण्यापेक्षा अर्धा तास फिरवून आणा. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. त्यातलं शिसं विषारी आहे, आणि २०२२च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

पद्मिनी मुंबईत, कुर्ल्याला बनायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळीचे स्टेटस ठेवले. पण जुनी गाडी स्टेटसने जगत नाही. कुणीतरी बॉनेट उघडून, हात काळे करून, नीट मोजावं लागतं. काकांची गाडी भंगारात जाता जाता वाचली ती एका पट्टीमुळे. तुमच्या घरी, शेजारी एखादी अशीच उभी असेल, तर या रविवारी मीटर घेऊन जा.